सरकारी धोरणं आणि आपलं घर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोणी कमवायचं, कोणी सांभाळायचं, मुलं किती, म्हातारी माणसं कोणाकडे, हे सगळं आपलं आपण ठरवतो अशी बहुतेकांची समजूत असते. खालचे प्रश्न याच समजुतीच्या आजूबाजूचे आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे सांगण्यासारखं जास्त आहे.

घर हा खासगी मामला. त्यात सरकार कुठून आलं?

सरकार सहसा उंबरठा ओलांडत नाही. ते बाहेर उभं राहून काही गोष्टी स्वस्त करतं आणि काही महाग, मग घरातले हिशेब आपोआप बदलतात. शाळा सक्तीची झाली की मूल हे कमावतं माणूस राहत नाही, त्याच्यावर खर्च सुरू होतो. पेन्शन आली की म्हातारपणाची काठी म्हणून मुलगा हवाच, हा आग्रह थोडा सैल पडतो.

कधीकधी मात्र ते सरळ आतच येतं. आयर्लंडमध्ये १९७३ पर्यंत सरकारी नोकरीतल्या बाईला लग्न झालं की राजीनामा द्यावा लागे. तिथल्या बाईने लग्न कधी केलं, केलं की नाही, हा फक्त तिच्या मनाचा प्रश्न होता असं म्हणता येईल का?

शिवाय धोरण म्हणजे काही फक्त योजना आणि अनुदान नव्हे. पश्चिम जर्मनीत कितीतरी दशकं बहुतेक शाळा दुपारीच सुटायच्या. मूल दीडच्या सुमारास घरी येणार म्हटल्यावर कोणीतरी घरी हवं, आणि ते कोणीतरी म्हणजे आई. बायकांनी अर्धवेळ नोकरी करावी असा कायदा कोणी केला नव्हता, शाळेच्या घंटेनेच ते काम केलं.

सरकारच्या लेखी ‘कुटुंब’ म्हणजे नेमकं कोण?

ज्या खात्याला विचाराल त्यावर ते अवलंबून आहे. सगळ्या गोंधळाचं मूळही इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर.

प्रत्येक धोरणाच्या पोटात घराचं एक चित्र असतं. फ्रान्सने १९४५ मध्ये आयकर मोजताना सगळं कुटुंब एकत्र धरलं. घराचं उत्पन्न माणसांच्या हिश्श्यांत विभागायचं आणि पहिल्या दोन मुलांचा प्रत्येकी अर्धा हिस्सा. जर्मनीचं चित्र नवरा-बायको या जोडीचं आहे. भारतात आयकर पगारदार माणसावर एकेकट्याने लागतो, पण २००५ च्या ग्रामीण रोजगार हमी कायद्याने वर्षाला १०० दिवसांचं काम कुटुंबामागे दिलं. म्हणजे दोन भाऊ बायका-मुलांसह एकत्र राहत असतील तर दोघांत मिळून १०० दिवस. चूल वेगळी मांडली की २००. एकत्र राहणं चांगलं की वाईट यावर या कायद्यात चकार शब्द नाही, तरी एकत्र राहण्याची किंमत त्याने ठरवून टाकली. भारताच्याच २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने रेशन कार्डावर घरातली अठरा वर्षांवरची सगळ्यात मोठी स्त्री कुटुंबप्रमुख मानली. एकाच देशात, एकाच घराची अशी वेगवेगळी चित्रं असतात.

चित्र बेंगरूळ असलं की काय होतं ते ब्रिटनमध्ये बघा. २०१३ पासून आई किंवा वडील यांपैकी एकाचं उत्पन्न ५०,००० पौंडांच्या वर गेलं की मुलांसाठीचा भत्ता कापला जाऊ लागला. एकजण ६०,००० कमावतो आणि दुसरी घर सांभाळते, अशा घराचा भत्ता संपूर्ण गेला. दोघंही प्रत्येकी ४९,००० कमावतात, म्हणजे घरात ९८,००० येतात, त्यांना पूर्ण भत्ता. २०२४ मध्ये ही मर्यादा ६०,००० केली, पण मोजायची पद्धत तीच राहिली. भत्ता घराचा आणि कापणी एका माणसाच्या पगारावर!

आणखी बारकाईने बघायचं तर ब्रिटनचाच २०१३ चा भाडेमदतीचा नियम बघा. सामाजिक गृहनिर्माणातल्या, म्हणजे नगरपालिका किंवा संस्था कमी भाड्याने देतात त्या घरात एक खोली ‘जास्तीची’ ठरली तर भाड्याच्या मदतीत १४ टक्के कपात, दोन ठरल्या तर २५ टक्के. जास्तीची खोली कोणती? दहा वर्षांखालच्या दोन मुलांनी, मग ते बहीण-भाऊ असोत, एका खोलीत झोपायचं. एकाच लिंगाच्या मुलांनी सोळाव्या वर्षापर्यंत. बहिणीचा दहावा वाढदिवस झाला की भावाला वेगळी खोली मंजूर. कोणत्या मुलाने कोणाशेजारी झोपायचं हे नियमावलीत लिहिलेलं असतं, याची कल्पना ते भाडं ज्यांना भरावं लागत नाही त्यांना नसते.

मग लोक कागदावर एक आणि घरात एक, असं राहतात का?

राहतात, आणि पूर्वीपासून राहत आले आहेत.

दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम जर्मनीत सैनिकांच्या विधवांना पेन्शन मिळत होती. पुन्हा लग्न केलं की ती बंद. परिणामी कितीतरी बायका नव्या जोडीदारासोबत लग्नाशिवाय राहू लागल्या, मुलं त्या माणसाला काका म्हणायची. चर्चचे लोक नीतिमत्तेच्या नावाने बोटं मोडत होते. पेन्शनचा नियम बदला, असं म्हणण्यापेक्षा बायकांना नावं ठेवणं सोपं होतं.

अमेरिकेत गरीब मुलांसाठी मदत होती, पण घरात पुरुष नसेल तरच. अलाबामा राज्याने तर असा नियम केला, की आईचे एखाद्या पुरुषाशी संबंध असतील तर तोच मुलांचा ‘बदली बाप’, मग त्याने मुलांना पैसा दिलेला असो वा नसो. मदत बंद. घरात पुरुषाचे बूट किंवा शर्ट सापडतो का हे बघायला अनेक ठिकाणी रात्री-अपरात्री तपासनीस यायचे. १९६८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हा नियम रद्द केला. तोवर या धोरणाचा अर्थ घराघरांत पोचला होता: बाप दिसला की पैसे थांबतात.

शांघायमध्ये २०१६ च्या ऑगस्टमध्ये घटस्फोट नोंदवायला रांगा लागल्या. या जोडप्यांचं आपसात काही बिनसलेलं नव्हतं. दुसरं घर घेताना कर्जाच्या अटी कडक होत्या, घटस्फोटित माणसाला पहिल्या घराच्या अटी लागू होत होत्या आणि ही पळवाट बंद होणार अशी अफवा उठली होती. कागदोपत्री वेगळं व्हायचं, घर घ्यायचं, पुन्हा लग्न करायचं. काहींचं पुन्हा लग्न झालंच नाही, तो भाग वेगळा.

लोक लबाड असतात, हा यावरचा सगळ्यात आळशी निष्कर्ष. अमेरिकेत अपंग आणि वृद्ध गरिबांसाठीच्या एका मासिक मदतीत एकट्या माणसाला २,००० डॉलरपर्यंत शिल्लक ठेवता येते, जोडप्याला ३,०००. दोघं अविवाहित असतील तर मिळून ४,०००. १९८९ पासून हे आकडे तेच आहेत. दोन अपंग माणसांनी लग्न न करता शेजारी-शेजारी राहायचं ठरवलं तर लबाडी कोणाची?

पैसे आईच्या खात्यात दिले काय नि वडिलांच्या, शेवटी घरातच येणार. फरक काय पडतो?

पडतो, आणि या विषयात इतकं स्पष्ट उत्तर फार थोड्या प्रश्नांना आहे.

ब्रिटनमध्ये एलिनॉर रॅथबोन या खासदार बाईंनी मुलांसाठी सरकारी भत्ता असावा म्हणून दोन दशकांहून जास्त काळ लढा दिला. १९४५ मध्ये विधेयक आलं तेव्हा पैसे वडिलांना द्यायचे असं त्यात होतं. आपणच आयुष्यभर मागितलेल्या विधेयकाविरुद्ध मत देईन, असं बाईंनी ठणकावलं, आणि तरतूद बदलून पैसे आईच्या नावावर झाले. १९४६ च्या ऑगस्टमध्ये पहिलं वाटप झालं. ते बघायला बाई नव्हत्या, जानेवारीतच गेल्या.

पुढे १९७० च्या दशकाअखेर आणखी एक पाऊल पडलं. तोवर मुलांमागची एक करसवलत वडिलांच्या पगारात मिळत असे. ती काढून तेवढे पैसे आईला मिळणाऱ्या भत्त्यात घातले. घरात येणारी रक्कम साधारण तेवढीच, फक्त खिसा बदलला. अर्थतज्ज्ञांनी नंतर घरखर्चाचे आकडे तपासले तेव्हा पुरुषांच्या कपड्यांच्या तुलनेत बायकांच्या आणि मुलांच्या कपड्यांवरचा खर्च वाढलेला दिसला. दक्षिण आफ्रिकेत १९९० च्या दशकात कृष्णवर्णीय वृद्धांना बऱ्यापैकी पेन्शन मिळू लागली. अर्थतज्ज्ञ एस्थर डुफ्लो यांच्या अभ्यासात असं आढळलं की पेन्शन आजीला मिळत असेल तर घरातल्या नातींचं वजन आणि उंची सुधारते. आजोबांच्या पेन्शनने तसा फरक पडलेला दिसला नाही.

आता दुसरी बाजू. खातं तिच्या नावावर आणि कार्ड त्याच्या खिशात, अशी घरं असतातच. पैसे तिच्या नावावर येणं आणि तिच्या हातात असणं यांत अंतर आहे. शिवाय ‘मुलांचे पैसे आईला’ असं सरकारने एकदा लिहिलं की मुलांचं सगळं आईनेच बघायचं, यावरही शिक्का बसतो. मला तरी हा सौदा अजून फायद्याचाच वाटतो, पण त्याला किंमत आहे.

मुलं शाळेत गेली तरच पैसे, अशा अटी योग्य आहेत का?

मेक्सिकोने १९९७ मध्ये खेड्यांत अशी योजना सुरू केली. मुलांची शाळेतली हजेरी ८५ टक्के हवी, दवाखान्यात तपासणी हवी, मग आईला रोख रक्कम. माध्यमिक शाळेत मुलींसाठी रक्कम मुलांपेक्षा थोडी जास्त होती, कारण मुलीच आधी शाळा सोडत होत्या. काही गावांत योजना आधी आणि काहींत नंतर सुरू केल्यामुळे तुलना करता आली, आणि माध्यमिक शाळेतल्या मुलींची संख्या खरोखर वाढली. ब्राझीलने २००३ पासून हेच मोठ्या प्रमाणावर केलं.

पण अट पुरी कोण करतं? दवाखान्यातली रांग, आरोग्याची व्याख्यानं, शाळेतल्या सह्या, हे सगळं आईच्या वाट्याला आलं. वडिलांना व्याख्यानाला बसवणारी अट घालायचं कोणाला सुचलं नाही.

प्रसूती रजा जितकी मोठी तितकी बरी ना?

रजेचे पैसे कोण देतं, हे आधी विचारा. भारताने २०१७ मध्ये पहिल्या दोन मुलांसाठी पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे केली. ऐकायला उत्तम. पण हा पगार मालकाने द्यायचा. लहान कंपनीचा मालक मुलाखतीत नुकतंच लग्न झालेली मुलगी समोर बसली की मनात काय आकडेमोड करतो ते सांगायची गरज नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २००० सालच्या करारात म्हणूनच म्हटलं आहे, की हा खर्च एकेकट्या मालकावर न टाकता सामाजिक विम्यातून किंवा सरकारी तिजोरीतून यावा. आणि हे सगळं कायदा लागू असलेल्या नोकरीपुरतं. शेतात, घरकामात, रोजंदारीवर राबणाऱ्या बाईपर्यंत हे २६ आठवडे पोचतच नाहीत.

लांबीचंही बघा. ऑस्ट्रियाने १९९० मध्ये पालकरजा एका वर्षावरून दोन वर्षं केली. आया कामावर उशिरा परतू लागल्या आणि पहिल्या मुलापाठोपाठ दुसरं होण्याचं प्रमाण वाढलं. १९९६ मध्ये रजा पुन्हा थोडी कमी केली. एका आकड्याने घरातल्या दोन मुलांमधलं अंतर बदलतं. रजा अगदी तोकडी असली तर बाई नोकरी सोडते, फार लांबली तर नोकरीच तिला विसरते. साधारण वर्षभराची, विम्यातून पैसे मिळणारी रजा आणि ती संपते त्या दिवशी पाळणाघरात जागा, हे मला सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. रजा संपणं आणि पाळणाघर मिळणं यांच्यामध्ये जी पोकळी राहते, तीत आजी तरी भरडली जाते नाहीतर आईचा पगार.

वडिलांनाही रजा असते, मग ते घेत का नाहीत?

‘दोघांपैकी कोणीही घ्या’ असं म्हटलं की आई घेते. स्वीडनने १९७४ मध्ये जगात पहिल्यांदा प्रसूती रजेच्या जागी आई-वडील दोघांसाठी पालकरजा आणली. वीस वर्षं झाली तरी बहुतेक दिवस आयाच घेत होत्या. शेजारच्या नॉर्वेने १९९३ मध्ये चार आठवडे फक्त वडिलांसाठी राखून ठेवले. घेतले तर घ्या, नाहीतर वाया. आधी मोजकेच बाप रजा घेत होते, काही वर्षांत बहुसंख्य घेऊ लागले. स्वीडनने १९९५ मध्ये एक महिना राखीव केला, २००२ मध्ये दुसरा, २०१६ मध्ये तिसरा.

यात गंमत अशी, की बापांचं मन वळवण्यापेक्षा साहेबाशी बोलताना त्यांना सबब मिळणं महत्त्वाचं ठरलं. ‘मला रजा हवी’ म्हणणं अवघड. ‘नाही घेतली तर बुडते’ म्हणणं सोपं. पण नुसता कायदा पुरतोच असं नाही. जपानमध्ये कागदावर वडिलांची रजा जगातल्या सगळ्यात मोठ्या रजांपैकी आहे, तरी २०१० च्या दशकात बराच काळ ती घेणारे बाप शंभरात दहासुद्धा नव्हते. कंपन्यांवर कर्मचाऱ्यांना रजेविषयी स्वतःहून विचारण्याचं बंधन आल्यानंतर २०२३ मध्ये हे प्रमाण ३० टक्क्यांपर्यंत गेलं.

बायकोने नोकरी करायची की नाही, हे आयकरावरून ठरतं?

पूर्ण नाही, पण बरंचसं. जर्मनीत १९५८ पासून नवरा-बायकोचं उत्पन्न एकत्र करून त्याचे दोन समान भाग करतात आणि त्यावर कर मोजतात. एकाचा पगार मोठा आणि दुसऱ्याचा शून्य असेल तेव्हा फायदा सगळ्यात जास्त. बायको कामाला लागली की तिच्या पहिल्या युरोपासून चढा दर. स्वीडनने १९७१ मध्ये उलटं केलं, प्रत्येकाचा कर वेगळा. त्यानंतर घरी बसणं महाग झालं.

जपानची गोष्ट आणखी ठसठशीत. तिथे अनेक दशकं १०.३ लाख येन ही एक रेघ होती. अर्धवेळ काम करणाऱ्या बायकोचं वर्षाचं उत्पन्न त्यावर गेलं की कर सुरू. १३ लाखांवर दुसरी रेघ, तिथे तिला स्वतःच्या विम्याचे आणि पेन्शनचे हप्ते भरावे लागत. त्यामुळे वर्षअखेर आली की दुकानांत, कारखान्यांत बायका पाळ्या कमी करून घ्यायच्या. ऐन गर्दीच्या महिन्यात मालक हातापाया पडतोय आणि काम जमत असूनही बाई घरी, कारण जास्त काम केलं तर हातात कमी येणार. ती बाई आळशी नव्हती, ती बेरीज-वजाबाकी पक्की जाणणारी होती.

सरकारने पैसे दिले तर लोक जास्त मुलं होऊ देतात का?

थोडीफार, थोडे दिवस. हंगेरीने २०१९ मध्ये तरुण जोडप्यांना मोठी कर्जं देऊ केली, मूल झालं की सवलत वाढत जाणारी. २०२० पासून चार मुलांच्या आईला आयुष्यभर आयकर माफ. तिथला जननदर, म्हणजे एका बाईमागे सरासरी मुलं, दशकभरात सुमारे १.२ वरून १.६ च्या आसपास चढला आणि मग पुन्हा १.४ च्या खाली घसरला. दक्षिण कोरियाने मुबलक पैसा ओतला, तरी २०२३ मध्ये तिथला दर ०.७२ होता. घरं महाग, शिकवण्या महाग, ऑफिसात रात्रीपर्यंत थांबायचं, यांतलं काही न बदलता जन्माच्या वेळी हातावर रक्कम ठेवली तर लोक ती घेतात आणि एका मुलावर थांबतात.

सक्तीचं काय होतं ते रोमानियाने दाखवलं. १९६६ च्या ऑक्टोबरमध्ये हुकूमशहा चाउशेस्कूच्या सरकारने जवळजवळ सगळ्या गर्भपातांवर बंदी घातली. १९६७ मध्ये जन्म जवळपास दुप्पट झाले. मग लोकांनी वाटा शोधल्या, दर पुन्हा उतरत गेला आणि चोरून केलेल्या गर्भपातांत हजारो बायका मेल्या. नको असलेली मुलं अनाथालयांत भरली. १९८९ च्या डिसेंबरमध्ये सत्ता उलथली, तेव्हा ही बंदी उठवणं हे नव्या सरकारच्या अगदी पहिल्या कामांपैकी होतं.

उलट्या दिशेची सक्ती चीनने केली. १९८० च्या सुमारापासून २०१५ पर्यंत शहरांत एकच मूल. आता तिथे तीन मुलांना परवानगी आहे आणि घेणारे नाहीत. पस्तीस वर्षांत एका मुलाच्या घराभोवती सगळं बेतलं गेलं: घरं, शाळांचा खर्च, आजी-आजोबांच्या अपेक्षा. नियम एका रात्रीत मागे घेता येतो. त्याने घडवलेली घरं तशीच राहतात, आणि एकुलत्या एका मुलावर दोन आई-वडील व चार आजी-आजोबा यांची जबाबदारीही.

आजारी, परावलंबी म्हाताऱ्या माणसांचं कोणी बघायचं?

जर्मनीने १९९५ मध्ये दीर्घकाळच्या शुश्रूषेसाठी सक्तीचा विमा आणला. कुटुंबाने निवडायचं, की प्रशिक्षित माणूस घरी यावा की रोख रक्कम हातात यावी. रोख कमी असते, तरी बहुतेक घरं रोखच घेतात आणि शुश्रूषा घरातलीच बाई करते, निदान तिला काही मिळतं.

जपानने २००० मध्ये असाच विमा सुरू केला. चाळिशीपासून प्रत्येकाने हप्ता भरायचा. पण त्यांनी रोख देणं मुद्दाम टाळलं. ही मागणी महिला संघटनांची होती. त्यांचा मुद्दा असा, की घरात पैसे आले की ‘आता तर पैसेही मिळतात’ म्हणून सून सासू-सासऱ्यांच्या अंथरुणाशी कायमची बांधली जाईल, त्यापेक्षा दारात माणूस पाठवा. अर्धांगवायू झालेल्या सासऱ्यांना आठवड्यातून दोनदा अंघोळ घालायला कोणी बाहेरून येतं, दिवसा केंद्रात नेऊन आणतं, हे त्या सुनेच्या दृष्टीने कुठल्याही भत्त्यापेक्षा मोठं होतं. दोन्ही देशांनी एकाच अडचणीवर उपाय केला, आणि घरातल्या एका बाईचा दिवस दोन अगदी वेगळ्या तऱ्हांनी घडवला. मला जपानचा युक्तिवाद पटतो. मात्र बाहेरून पाठवायला माणसंच पुरेशी नसतील तर तो कागदावरच राहतो, आणि जपानला आता नेमकी तीच चणचण आहे.

पेन्शन दिली की मुलं आई-वडिलांना टाकतात, हे खरं का?

सरसकट नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या अभ्यासांत दिसलं की आजीला पेन्शन सुरू झाली की घरातली तरणी माणसं कामासाठी शहराकडे जातात, कारण नातवंडांना सांभाळायला आजी आहे आणि तिच्या हातात पैसा आहे. वरवर पाहता घर फुटलं. खरं तर त्या पेन्शनवरच ते तग धरून राहिलं.

कायद्याने माया आणता येते का, हा प्रयोगही झाला आहे. आई-वडिलांना मुलांकडून पोटगी मागता यावी म्हणून सिंगापूरने १९९५ मध्ये आणि भारताने २००७ मध्ये कायदे केले. चीनने २०१३ मध्ये तर वेगळं राहणाऱ्या मुलांनी वारंवार भेटायला यावं असंही कायद्यात घातलं. पोटगीचा हुकूम निघू शकतो. भेटीचा हुकूम निघाल्यावर ती भेट कशी होत असेल?

आयते पैसे मिळाले की लोक काम सोडतात?

ही भीती फार जुनी आहे. अनेक विकसनशील देशांतल्या रोख मदतीच्या योजना तपासल्या तेव्हा मोठ्या माणसांनी काम कमी केल्याचा पद्धतशीर पुरावा मिळाला नाही. कामापासून लोक लांब राहतात ते रकमेमुळे कमी आणि मदत झटक्यात बंद करणाऱ्या रेघांमुळे जास्त. जपानच्या त्या बायका आठवा.

घटस्फोट सोपा केला की घरं मोडतात, असं म्हणतात.

अमेरिकेत १९७० पासून एकेका राज्याने एका जोडीदाराच्या इच्छेवरही घटस्फोट मिळू दिला. सुरुवातीला घटस्फोट वाढले, दशकभराने ती वाढ बरीचशी ओसरली. पण बेट्सी स्टीव्हनसन आणि जस्टिन वुल्फर्स या अभ्यासकांना आणखी एक गोष्ट सापडली: ज्या राज्यांनी कायदा बदलला तिथे बायकांच्या आत्महत्या आणि घरातली मारहाण कमी झाली. यात घटस्फोट न घेतलेली घरंही येतात. दार उघडं आहे हे दोघांनाही ठाऊक असलं की आतलं वागणं बदलतं.

फ्रान्सने १९९९ मध्ये लग्नाहून सैल असा एक नोंदणीकृत करार आणला, मुख्यतः समलिंगी जोडप्यांना समोर ठेवून. आज तो करणाऱ्यांत बहुसंख्य स्त्री-पुरुष जोडपी आहेत आणि अशा करारांची संख्या लग्नांच्या बरोबरीला आली आहे.

घर मिळण्याच्या नियमांनी कुटुंब बदलतं का?

सिंगापूरमध्ये बहुसंख्य लोक सरकारने बांधलेल्या घरांत राहतात. अविवाहित माणसाला असं घर घ्यायला पस्तिशी गाठावी लागते, त्यामुळे लग्नाची बोलणी आणि घराचा अर्ज तिथे हातात हात घालून चालतात. आई-वडिलांसोबत किंवा चार किलोमीटरच्या आत घर घेतलं तर वेगळं अनुदान आहे. म्हाताऱ्यांचं कोण बघणार याचं उत्तर त्यांनी किलोमीटरमध्ये दिलं. ते माझ्या मते भेटीच्या कायद्यापेक्षा बरं.

एका देशाच्या धोरणाने दुसऱ्या देशातलं घर बदलू शकतं?

हो, आणि एकाच देशात दोन ठिकाणीही. चीनमध्ये १९५८ पासून कुटुंबाची सरकारी नोंद ज्या गावी, तिथेच शाळा आणि दवाखान्याचा हक्क, अशी व्यवस्था आहे. शहरात कामाला गेलेल्या आई-बापांना मुलांना तिथल्या सरकारी शाळेत घालणं अवघड, म्हणून मुलं गावी आजी-आजोबांकडे. २०१० च्या जनगणनेवरून अशा मागे राहिलेल्या मुलांची संख्या सहा कोटींच्या वर काढली गेली.

हाँगकाँगने १९७० च्या दशकात परदेशी घरकामगार बायकांना परवानगी दिली, त्यामुळे मुलं असलेल्या तिथल्या बायका नोकरीवर टिकल्या. सरकारला पाळणाघरांवर फार खर्च करावा लागला नाही. या कामगार मुख्यतः फिलिपिन्स आणि इंडोनेशियातून येतात, त्यांना मालकाच्याच घरी राहावं लागतं आणि स्वतःची मुलं आणता येत नाहीत. त्या मुलांना तिकडे मावशी, आजी किंवा थोरली बहीण वाढवते. आई दर महिन्याला पैसे पाठवते, रविवारच्या सुट्टीत फोनवर गृहपाठ घेते आणि करार दोन वर्षांनी संपला की घरी जाऊन पुन्हा सही करून परतते.